जुन्या स्काउटचं ट्रॅक-लॉक: रिबिल्ड करू की बदलून टाकू?

माझी स्काउट टू (इंटरनॅशनल हार्वेस्टरची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) १९७७ ची, इथेच इंडियानात फोर्ट वेनला बनलेली, मागे डाना ४४ अ‍ॅक्सल आणि त्यात कंपनीचंच ट्रॅक-लॉक, म्हणजे क्लच प्लेटांवर चालणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं. गेल्या हिवाळ्यात बर्फात एक चाक नुसतं गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म, म्हणजे लिमिटेड स्लिप फक्त नावाला उरलं होतं. ज्यांची गाडी अशी आहे आणि पैसे कुठे घालायचे ते ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट. वळताना मागून कर्रकर्र थरथर येते म्हणून लोक लगेच प्लेटा मागवतात, पण बऱ्याचदा कोणीतरी फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा अडखळू नयेत म्हणून ऑइलमध्ये घालायचं द्रव्य) न टाकता ऑइल बदललेलं असतं, एवढंच. नवीन ऑइल आणि मॉडिफायर टाका, मोकळ्या जागेत आठ-दहा वेळा इंग्रजी आठच्या आकारात हळू फिरवा, मग बघा. झिजलेलं ट्रॅक-लॉक सहसा आवाज करत नाही, ते गप्प पडून असतं. खात्री करायची तर गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांखाली अडसर, मागचं एकच चाक उचलायचं आणि टॉर्क रेंचने फिरवायचं. जीपवाल्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅक-लॉकसाठी ३० ते २०० फूट-पाउंड दिलंय. माझं चाक हाताने फिरत होतं.

आता रिबिल्ड. किटमध्ये क्लच प्लेटा येतात, त्या स्वस्त पडतात, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे केस (प्लेटा आणि गिअर ज्यात बसतात ते घर) तीच राहते त्यामुळे क्राउन-पिनियन या मुख्य गिअरजोडीची सेटिंग फारशी हलत नाही, फक्त बेअरिंग कॅप डावी-उजवी खूण करून ठेवा आणि शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) ज्या बाजूची त्याच बाजूला परत, बॅकलॅश म्हणजे त्या दोन गिअरच्या दातांमधली फट तरीही मोजायचीच. खरी मेहनत स्पायडर गिअर (केसच्या आतले छोटे गिअर) काढताना, कारण आत वाटीसारखी स्प्रिंग दाबून बसलेली असते, स्क्रूने ती दाबून धरायची आणि गिअर हळूहळू केसच्या खिडकीसमोर आणायचे. माझी पूर्ण दुपार गेली त्यात. नव्या प्लेटा मॉडिफायर घातलेल्या ऑइलमध्ये भिजवूनच बसवा, कोरड्या अजिबात नाही.

पण किट मागवायच्या आधी केस बघा, हे मी कळकळीने सांगतोय. प्लेटांचे कान केसच्या खाचांमध्ये बसतात, तिथे नख फिरवा. नख अडकलं म्हणजे कानांनी पायऱ्या पाडल्यात, नव्या प्लेटा तिथे अडकतील, सरकणारच नाहीत. मग रिबिल्डचे पैसे पाण्यात. स्पायडर गिअर ज्यावर फिरतात त्या क्रॉस शाफ्टवरही खोल ओरखडे नकोत. माझ्या खाचा गुळगुळीत निघाल्या, प्लेटा मात्र निळ्या पडलेल्या, आधीच्या मालकाने मागे दोन वेगळ्या साइझचे टायर लावले होते त्यामुळे सरळ रस्त्यावरही क्लच सतत घासत राहिला.

केस गेली असेल तर माझं मत ट्रूट्रॅककडे, तेही लिमिटेड स्लिपच. गिअरवर चालतं, प्लेटाच नाहीत, मॉडिफायर नको, साधं मिनरल गिअर ऑइल चालतं. ऑर्डर देताना क्राउन-पिनियनचा रेशो सांभाळा, डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालचे एका केसला बसतात, ३.९२ आणि वरचे दुसऱ्या. केस बदलली की बॅकलॅश नव्याने सेट करावा लागतो, ते येत नसेल तर मजुरी वेगळी धरा. कमजोरी एकच, एक चाक पूर्ण हवेत गेलं की दुसऱ्याला जवळपास काही मिळत नाही, तेव्हा ब्रेक हलका दाबून धरावा लागतो.

लंचबॉक्स लॉकर (स्पायडर गिअरच्या जागी बसणारा, दोन्ही चाकं एकत्र जोडणारा भाग) स्वस्त म्हणून बरेच जण सुचवतात, पण तो ओपन केसमध्ये बसतो, ट्रॅक-लॉकच्या केसमध्ये नाही, म्हणजे केसचा खर्च आलाच. शिवाय बर्फाळ रस्त्यावर पॉवर दिली की मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचं बूड बाजूला जातं, घरची गाडी रोज चालवणाऱ्याला मी तो घ्या म्हणणार नाही. हवेच्या दाबाने लॉक होणारा एअर लॉकर उत्तम, हवं तेव्हाच लागतो, दगडांत चढायचं असेल तर त्याला तोड नाही, पण कंप्रेसर, नळी, वायरिंग सगळं आलं.

मी रिबिल्ड केलं. नंतर तेच चाक उचलून मोजलं तर रेंचवर ७० आलं, आणि मागचे चारही आठवडे गाडी बर्फातून सरळ निघतेय. टायर मात्र आधी सारखे केले.