लग्नाची व्हीएचएस कॅसेट फाइलमध्ये आली. साफ कशात करायची? हँडब्रेक, हायब्रिड, रिझॉल्व्ह आणि एआय

घरगुती कामासाठी सध्या चार वाटा आहेत. हँडब्रेक फुकट आणि सोपं. हायब्रिडही फुकट; आतून व्हेपरसिंथ आणि एव्हीसिंथचे फिल्टर चालवतं, पण बटणांची गर्दी पाहून पहिल्या दिवशी माणूस बंद करून टाकतो. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह मुळात रंगाच्या कामाचं. आणि टोपाझ व्हिडिओ (आधीचं नाव टोपाझ व्हिडिओ एआय) पैसे मोजून घ्यायचं. या तुलनेसाठी नमुना धरलाय तो नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या ई-१८० (तीन तासांच्या) कॅसेटचा: पाल (भारतातली जुनी टीव्ही) पद्धत, सनगनच्या, म्हणजे व्हिडिओवाल्याच्या झगझगीत दिव्याच्या, उजेडातलं शूटिंग, आणि घरी असलेली प्रत बहुधा मास्टरवरून उतरवलेली, म्हणजे दुसरी पिढी.

आधी फाइल तपासा

मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, हफवाययूव्ही, लॅगरिथ किंवा एफएफव्ही१ (चित्रातलं काहीही न गाळणारे कोडेक) असं दिसलं आणि तासाला साधारण २५ ते ४० जीबी जागा गेली असेल, तर कच्चा माल उत्तम. डीव्ही असेल तर तासाला १३ जीबी, तेही चालेल. दुकानातून तासाला एक-दीड जीबीची एमपी४ मिळाली असेल तर थांबा. ती बनवतानाच बहुधा दोन फील्ड (फ्रेमच्या एकाआड एक रेषांचे दोन अर्धे भाग) एकमेकांत मिसळलेली असतात. हलत्या हाताच्या मागे भुतासारखी दुसरी पुसट कड दिसते, ती याचीच खूण. मिसळलेली फील्ड चारपैकी कशानंही नीट सुटी होत नाहीत. कॅसेट पुन्हा कॅप्चर करून घ्या आणि ‘इंटरलेस्ड, लॉसलेस’ (फील्ड सुटी ठेवून, काहीही न गाळता) असं स्पष्ट सांगा.

तसंच मांडवाचे खांब नागमोडी दिसत असतील किंवा चित्राचा वरचा भाग बाजूला ओढला जात असेल, तर दोष टाइम-बेसचा, म्हणजे टेपवरून येणाऱ्या रेषांच्या वेळेचा, आहे. तो टाइम बेस करेक्टर लावून कॅप्चरच्या वेळीच दुरुस्त होतो. एआयवर खर्च करण्याआधी ते पैसे इथे घाला.

इंटरलेसिंग: इथेच निम्मा निकाल लागतो

पाल व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम दिसल्या तरी फील्ड ५० असतात आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. म्हणून तयार फाइल ५० फ्रेमची हवी. २५ ची केली की वरातीतला नाच अडखळतो आणि फेकून दिलेली निम्मी हालचाल परत येत नाही.

हँडब्रेकमध्ये फील्ड सुटी करणारा ‘बीडब्ल्यूडिफ’ निवडून त्याचं ‘बॉब’ (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) प्रीसेट लावा. वेग चांगला, निकाल कामचलाऊ. तिरक्या कडा थरथरतात. शालूच्या जरीच्या काठावर ते चटकन दिसतं. फाइल तयार झाली की मीडियाइन्फोत ५० चा आकडा तपासा.

हायब्रिडमधलं क्यूटीजीएमसी शेजारच्या फील्डमधली हालचाल मोजून गाळलेल्या रेषा भरतं, त्यामुळे कडा स्थिर राहतात आणि ओघात थोड्या मुंग्याही कमी होतात. प्रीसेट ‘स्लो’ पुरतं. ‘व्हेरी स्लो’मध्ये व्हीएचएसला मिळणारा फायदा डोळ्यांना दिसत नाही. शार्पनेस ०.२ ते ०.५ च्या आत ठेवा. त्याच्या वर गेलात तर व्हीसीआरनं स्वतः घातलेली पांढरी किनार आणखी ठळक होते.

फील्डचा क्रम चुकला तर सगळंच मुसळ केरात. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. बहुतेक कॅप्चर कार्डांत वरचं. एव्हीआय फाइलमध्ये याची नोंद सहसा नसते, त्यामुळे हायब्रिडला हातानं सांगावं लागतं. दहा सेकंदांचा हालचालीचा तुकडा चालवून बघा: माणसं दोन पावलं पुढे एक पाऊल मागे अशी चालली तर क्रम उलटा आहे.

टोपाझचं ‘डायोनी’ मॉडेल हेही काम करतं आणि वाईट करत नाही. मात्र फाइल प्रोग्रेसिव्ह (फील्ड नसलेली) समजून त्याला दिली तर इंटरलेसच्या आडव्या रेघा तो तपशील समजून मोठ्या करतो. रिझॉल्व्हवर ही पायरी सोपवू नका. त्याला हफवाययूव्हीची एव्हीआय सहसा उघडताही येत नाही.

मुंग्या आणि अक्षता

व्हीएचएसमध्ये उजेडाच्या भागाला सुमारे २४० रेषांचा तपशील असतो, रंगाला जेमतेम ४०. त्यामुळे मुंग्या दोन प्रकारच्या: बारीक करड्या, आणि रंगाचे तरंगणारे मोठे डाग. रंगाचे डाग जोरात साफ केले तरी चालतं, कारण तिथे तपशील नव्हताच. करड्या मुंग्यांवर मात्र हात हलका ठेवा. हायब्रिडमध्ये एसएमडीग्रेन हा मुंग्यांचा फिल्टर घ्या, टीआर (शेजारच्या किती फ्रेम पाहायच्या) २ आणि टीएचसॅड (किती जोर लावायचा) ३०० पासून सुरुवात करा. ५००-६०० ला चेहरे मेणाचे होतात. हँडब्रेकच्या एनएलमीन्स या मुंग्यांच्या फिल्टरमध्ये ‘टेप’ नावाचा खास पर्याय आहे; तो ‘लाइट’सोबत वापरा, ‘स्ट्राँग’सोबत नको. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाही, त्यासाठी स्टुडिओ विकत घ्यावं लागतं.

ड्रॉपआउट, म्हणजे क्षणभर चमकणारे पांढरे ठिपके, काढणारे फिल्टर वेगळे असतात. एका फ्रेममध्ये आला आणि पुढच्यात गेला तो ठिपका म्हणजे कचरा, असा त्यांचा नियम. उडणाऱ्या अक्षता नेमक्या तशाच दिसतात. मंगलाष्टकांच्या भागावर हा फिल्टर चालवलात तर अक्षता हवेतच गायब होतात. फाइल तुकड्यांत तोडा आणि तो भाग सोडून बाकीच्यावर लावा.

रंग उजवीकडे दोन-चार पिक्सेल सरकलेला असेल, कपाळावरचं कुंकू बाजूला पसरल्यासारखं, तर हायब्रिडमध्ये क्रोमा शिफ्टनं तो परत जागेवर आणता येतो. प्रतीची प्रत असेल तर रंग खालीही सरकलेला असतो. दोन्ही दिशा तपासा.

रंग

इथे रिझॉल्व्हला तोड नाही. कार्यालयात ट्यूबलाइट, स्टेजवर सनगन, बाहेर ऊन: प्रत्येक शॉटचा पांढरा वेगळा, आणि तो शॉटनिहाय बसवणं इतर तिघांत कंटाळवाणं होतं. पण क्रम पाळा. सनगननं पांढरं झालेलं कापड अनेक कॅप्चरमध्ये २३५ च्या, म्हणजे व्हिडिओतल्या पांढऱ्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या, वर गेलेलं असतं. आरजीबीत (रिझॉल्व्ह ज्यात काम करतं त्या लाल-हिरवा-निळा रूपात) जाण्यापूर्वी, हायब्रिडमध्येच, उजेड खाली ओढून घ्या, नाहीतर तो तपशील कापला जातो. मग डीएनएक्सएचआर या संपादनाच्या फॉरमॅटमध्ये फाइल काढून रिझॉल्व्हला द्या. टाइमलाइन आधीच ५० फ्रेमची करा. क्लिप टाकल्यावर तो आकडा बदलता येत नाही.

आकार वाढवून एचडी करताना रंगाचं गणित ६०१ (जुन्या टीव्हीचं) वरून ७०९ (एचडीचं) मध्ये बदलावं लागतं. विसरलात तर लाल शालू नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा चुडा गडद होतो.

चेहरे आणि अक्षरं

एआयची जाहिरात पाहून मंडळी भुलतात ती इथे. क्लोजअपमध्ये चेहरा दोनशे पिक्सेल उंच असेल तर टोपाझचं ‘प्रोटियस’ किंवा चेहऱ्यांसाठीचं ‘आयरिस’ मॉडेल खरंच चांगलं काम करतं. पण पंगतीच्या लांबच्या शॉटमध्ये चेहरा वीस पिक्सेलचा असतो. तिथे डोळ्यांची माहितीच टेपवर नाही. मॉडेल ती स्वतःच्या अंदाजानं भरतं. आजीच्या चेहऱ्यावर कुणा तिसऱ्याचे डोळे येतात आणि मान वळली की तेही बदलतात. जी माणसं आता नाहीत, त्यांच्या बाबतीत हे घरात कुणालाच चालत नाही. मागच्या फलकावरची बारीक देवनागरी अक्षरंही अशीच बिघडतात: मात्रा गळतात, शिरोरेषा तुटते.

म्हणून एआय अख्ख्या कॅसेटला लावू नका. दोन-तीन मिनिटांचे निवडक क्लोजअप क्यूटीजीएमसीतून काढून मग त्याला द्या, ‘रिकव्हर ओरिजिनल डिटेल’ वाढवून.

वेळ

तीन तासांच्या कॅसेटच्या ५० च्या हिशेबानं ५,४०,००० फ्रेम होतात. तुमचा संगणक सेकंदाला २५ फ्रेम करत असेल तर ६ तास, १० करत असेल तर १५ तास, ५ करत असेल तर ३० तास. एक मिनिट चालवून वेग बघा आणि भागाकार करा. चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर टोपाझचा विचार तिथेच संपतो.

मग घ्यायचं काय

बहुतेकांनी हायब्रिड घ्यावं आणि एक शनिवार-रविवार ते शिकण्यात घालवावा. नातेवाइकांना पेन ड्राइव्हवर उद्याच द्यायचं असेल तर हँडब्रेक. दृश्यागणिक रंग बदलत असेल आणि तुमच्याकडे चिकाटी असेल, तर हायब्रिडनंतर रिझॉल्व्ह. टोपाझ सगळ्यात शेवटी, तेही क्लोजअप भरपूर असतील तर.

खालच्या कडेला आठ-दहा रेषांचा फाटका पट्टा असतो, तो व्हीसीआरच्या हेड स्विचिंगचा. सगळ्या कॅसेटमध्ये असतो. तो कापून चित्र ताणू नका, काळ्या पट्टीनं झाका. प्रमाण ४:३ च ठेवा. टीव्हीवर १६:९ ला ताणलेले नवरा-नवरी दिसायला नकोत.

यूट्यूबवर टाकायचं तर १४४० × १०८० करूनच टाका, कारण तिथे ५० फ्रेम ७२०पी आणि त्यावरच मिळतात. घरच्या प्रतीसाठी ५७६ चाच आकार ठेवा, एक्स२६४ कोडेक, सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चांगलं) १६ ते १८. मूळ कॅप्चर पुसू नका. जागा कमी पडत असेल तर ते एफएफव्ही१ मध्ये बदलून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.