कॅनव्हास की वही?

घरच्या धबडग्यात मिश्रमाध्यमातलं, म्हणजे रंग, कागद, कापड असं एकत्र वापरून काम करायचं तर मोठा कॅनव्हास घ्यावा की जाड कागदाची वही? माझा कौल वहीला.

कॅनव्हासची ताकद खरीच मोठी. उठाव आणणारी दाट टेक्श्चर पेस्ट, कापड, दोरा, वाळू, सगळं तो पेलतो. पण काम संपेपर्यंत घरातली एक जागा अडते.

वही मिटली की पसारा आवरला. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, त्यावर जेसोचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ हात मारा. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर साधारण अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो. तेवढ्यात मुलांचा अभ्यास घेऊन होतो. मग त्यांच्याच जुन्या चित्राचा फाडलेला तुकडा मॅट मीडियमने, म्हणजे चकाकी नसलेल्या अ‍ॅक्रिलिक द्रवाने चिकटवायचा, एक हात खाली, एक वरून. लेकराची ती वाकडी रेघ रंगातून डोकावते तेव्हा पान जिवंत होतं! वर्तमानपत्र मात्र त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे पिवळं पडतं. त्याऐवजी चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढावी. रंगवलेली पानं एकमेकांना चिकटतात, हा वहीचा खरा त्रास. मध्ये बटर पेपर घालावा.

तेलरंग वापरायचे असतील तर कॅनव्हासच बरा. ते वाळायला दिवसच्या दिवस लागतात, तोवर वही मिटताच येत नाही.