आर्सेनिक ओढणारं फर्न: झाड मस्त, सोबतचा कागद मात्र धोकादायक

फ्लोरिडात घर घेतलं तेव्हा मागच्या जुन्या डेककडे, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याकडे, लक्षच गेलं नाही, नंतर कळलं की ते हिरवट लाकूड क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं असतं, 2003 च्या अखेरपर्यंत घरांसाठी इथे सर्रास विकायचे, आणि पावसाने त्यातलं आर्सेनिक खाली मातीत उतरतं. आमची मेथी न वांगी नेमकी डेकला लागून! माती लॅबला पाठवली, आर्सेनिक निघालंच. त्याच दिवशी सगळी भाजी उपटली.

माती खणून न्यायचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून एका ऑनलाइन नर्सरीतून टेरिस व्हिटाटा या मातीतलं आर्सेनिक ओढून घेणाऱ्या फर्नची 12 रोपं मागवली. या फर्नचा हा गुण इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या लोकांनी 2001 मध्ये जगापुढे आणला, तोही लाकूड मुरवायच्या अशाच एका जागेवर. मुळांना आर्सेनिक आणि फॉस्फेटमधला फरक कळत नाही, खत समजून आत घेतात आणि ते पानांत जाऊन साठतं. बॉक्स उघडला तर व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, अगं हे तर आपल्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीत उगवायचं! खरंच तेच, पानाच्या मागे कडेकडेने तपकिरी रेघ असलेलं.

दोन वाळकी आली, बाकीची जोमात वाढली. पण घाई असेल तर घेऊ नका, इथल्या एका जागी शास्त्रज्ञांनी दोन वर्षं लावलं तेव्हा वरच्या थरातलं आर्सेनिक किलोमागे 190 मिलिग्रॅमवरून 140 वर आलं, म्हणजे काम होतं पण वर्षानुवर्षं लावत राहायला लागतं. आणि शिसं असेल तर याचा भरवसा धरू नका.

आता राग कशाचा आलाय ते सांगते. सोबतच्या कागदावर लिहिलंय, कापलेली पानं कंपोस्टमध्ये टाका. अहो, सगळं विष त्या पानांतच तर आहे, कंपोस्ट केलं की परत मातीत! जाळायची पण नाहीत, धुरातून जातं. मी हातमोजे घालून कापते, जाड पिशवीत बांधते आणि काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) घातक कचरा केंद्राला आधी विचारून तिथे देते. घरात लहान मुलं, कुत्रा असेल तर कुंपण घालाच.

झाडाला 5 स्टार, नर्सरीला 2. वाळक्या रोपांचे पैसे लगेच परत दिले, पण कागदाबद्दल दोन ईमेल करूनही गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या बॉक्समधून तोच कागद निघाला.