हळदीच्या कुरकुमिनची तपासणी : छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी प्रयोगशाळेचा अनुभव

वसमत तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाने यंदा सेलम जातीच्या हळदीचे तीन नमुने छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आता आमच्याकडे येणारे बाहेरगावचे खरेदीदार कांडीचा रंग व पॉलिश पाहून झाल्यावर कुरकुमिनचा, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा, आकडा मागतात. तो आकडा कोणत्या रीतीने काढला जातो, हे मला या प्रयोगशाळेत प्रथमच नीट समजले.

पहिल्या खेपेला त्यांनी आमचा नमुनाच परत केला. आम्ही एकाच पोत्याच्या वरच्या थरातील हळद नेली होती. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून कांड्या घ्याव्यात, त्या एकत्र करून ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून पुन्हा तसेच करावे आणि शेवटी उरलेला अर्धा किलो आणावा, असे त्यांनी सांगितले. खेप वाया गेली, तरी ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण नमुना चुकीचा असेल तर पुढचे महागडे यंत्रही त्या एका पोत्याचेच उत्तर देते.

कुरकुमिन मोजण्याच्या दोन पद्धती त्यांच्याकडे आहेत. स्वस्त पद्धतीत हळदीच्या अर्कातून सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून तो किती शोषला गेला हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पाहतात. हळदीत कुरकुमिनसोबत त्याची दोन भावंडे, डिमेथॉक्सीकुरकुमिन आणि बिसडिमेथॉक्सीकुरकुमिन, असतात आणि या पद्धतीत तिघांची बेरीज एकाच आकड्यात येते. भेसळीचा एखादा पिवळा रंग त्याच पट्ट्यात प्रकाश शोषत असेल तर तोही त्या बेरजेत मिसळतो. दुसरी पद्धत एचपीएलसीची, म्हणजे अर्कातील घटक वेगवेगळे करून मोजण्याची. तीत अर्क पंपाच्या दाबाने अतिसूक्ष्म सिलिका-कणांनी भरलेल्या सी-१८ स्तंभातून पुढे ढकलला जातो. कणांवरील अठरा कार्बनांच्या साखळ्यांना प्रत्येक घटक कमीअधिक चिकटतो, म्हणून तिन्ही वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. कुरकुमिन सर्वांत शेवटी येते. आलेखावरील त्याच्या शिखराचे क्षेत्रफळ शुद्ध प्रमाण-कुरकुमिनच्या शिखराशी ताडून टक्केवारी काढतात. तेथील रसायनतज्ज्ञ ताईंनी आमच्या नमुन्याचा आलेख पडद्यावर दाखवून प्रत्येक शिखर समजावले, आणि शंका विचारताना आम्हाला कुठेही संकोच वाटू दिला नाही.

शिशाची तपासणीही आम्ही करून घेतली, कारण पिवळेपणा वाढवण्यासाठी हळदीला लेड क्रोमेट हा शिसे असलेला पिवळा रंग चोळण्याचे प्रकार घडलेले आहेत. पूड नायट्रिक आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्रावर, शिशाचे अणू जो प्रकाश शोषतात तोच देणाऱ्या शिशाच्या दिव्याच्या मदतीने, शिसे मोजले गेले. हे काम वेळेत झाले.

तक्रार मात्र अहवालाविषयी आहे. त्यात कुरकुमिन ३.६ टक्के असे लिहिले होते; तो आकडा ओलाव्यासह आहे की कोरड्या वजनावर, याचा उल्लेखच नव्हता. ओलावा १० टक्के असेल तर हीच हळद कोरड्या वजनावर ४ टक्के ठरते, आणि या फरकावर भाव ठरतो. दुरुस्त अहवाल हाती येईपर्यंत आठ दिवस गेले व तोवर खरेदीदार ताटकळला. दुसरे असे, की कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी त्यांच्याकडे होत नाही, नमुना पुण्याला जातो, हे पैसे भरल्यानंतर कळले. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट नसून ठरावीक तपासण्यांना असते. ती यादी पावतीच्या टेबलावरच लावलेली असावी, अशी माझी त्यांच्याकडे आग्रहाची मागणी आहे.

तरीही पुढच्या हंगामात आम्ही तेथेच जाणार आहोत. नमुना देताना मात्र अर्जावर आम्ही तीन गोष्टी लिहून घेऊ : पद्धत एचपीएलसी, निकाल कोरड्या वजनावर, आणि अहवालासोबत आलेखाची प्रत.