आधी स्प्रिंग की आधी शॉकअप? नाशिकच्या रस्त्यांसाठी जोडी निवडताना

सस्पेन्शन बदलायचं म्हणून गॅरेजला गेलं की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: आत्ता स्प्रिंगा टाकून घ्या, शॉकअपचं नंतर बघू. स्प्रिंगा तुलनेनं स्वस्त असतात आणि गाडी त्याच दिवशी खाली बसलेली किंवा उचललेली दिसते, म्हणून हा सल्ला गोड वाटतो. माझं मत नेमकं उलट आहे. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर शॉकअप घ्या. स्प्रिंग बदलायचीच असेल, तर तिच्यासाठी बनलेल्या शॉकअपसोबतच बदला.

कारण साधं आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि उंचीही तीच ठरवते. दाबलेली स्प्रिंग सुटताना जी ताकद परत करते ती शॉकअपमधलं तेल उष्णतेत जिरवतं. समजा, पुढच्या एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटनची आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन जोर लागतो. तो कोपरा सेकंदाला साधारण १.३ वेळा वरखाली होऊ पाहतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की हा आकडा १.५ च्या जवळ जातो आणि तितकाच आवर घालायला शॉकअप सुमारे १४ टक्के जास्त ताकदीचा लागतो. कंपनीचा नवा शॉकअप तेवढी उणीव कशीबशी झाकून नेईल. पण आपण स्प्रिंगा बदलायला निघतो तेव्हा शॉकअप ६०-७० हजार किलोमीटर चाललेले असतात. त्यांची मूळची ताकदच उरलेली नसते, त्यावर कडक स्प्रिंग बसते आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर दोनदा-तीनदा झुलते.

मूळ स्प्रिंगा, नवे शॉकअप

गंगापूर रोड, कॉलेज रोड, सातपूर-अंबडची रोजची ये-जा आणि महिन्यातून एखादी मुंबई, एवढंच असेल तर मी हाच पर्याय सुचवेन. स्प्रिंगा बसलेल्या नाहीत ना, हे आधी मोजून घ्या: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांवर. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक नसेल तर स्प्रिंगांना हात लावू नका.

शॉकअपमध्ये दोन वाटा आहेत. एक, कंपनीच्या स्पेकचे. बहुतेक गाड्यांत हे दुहेरी नळीचे असतात, किंमत आवाक्यात असते आणि चाल मूळची मऊच राहते. दुसरी वाट मूळ उंचीसाठीच बनलेल्या कडक शॉकअपची. बिलस्टीन या शॉकअप कंपनीच्या यादीत बी४ म्हणजे मूळ बदली आणि बी६ म्हणजे मूळ उंचीवरचा कडक, एकेरी नळीचा. एकेरी नळीत तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. त्यामुळे सलग खड्ड्यांत तेलाला फेस येत नाही आणि नळी थेट हवेला लागून असल्यानं ती लवकर निवते. पावसाळ्यानंतर पेठ रोडनं सावळघाट उतरून गेलात की सलग खड्डे म्हणजे काय ते कळतं. तिथे हा फरक हाताला आणि कमरेला जाणवतो.

समृद्धीवर वेगळी परीक्षा असते. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि आता नाशिककरांच्याही गाड्या तिथे ताशी १२० च्या मर्यादेत सलग धावतात. त्या वेगात पुलाच्या सांध्यावर गाडी एकदा दबून थांबते की तरंगत राहते, हे शॉकअप ठरवतो. स्प्रिंग न बदलता निव्वळ चांगला शॉकअप टाकून इथे जितका फरक पडतो, तितका गाडी खाली करून कधीच पडत नाही.

गाडी खाली करायची असेल तर

इथे घोटाळे सर्वांत जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर.

लोअरिंग स्प्रिंग गाडीला ३०-३५ मिमी खाली आणते. शॉकअप मूळचाच राहिला तर त्याचा दांडा उभ्या गाडीतच तेवढा आत गेलेला असतो. दबायला उरलेल्या जागेतून हे ३५ मिमी वजा झाले. मग लहानशा खड्ड्यातही गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडकणीवर, आपटते, आणि लोक म्हणतात, स्प्रिंग फार कडक आहे. खरं तर तो दणका रबराचा असतो. दुसरा धोका जॅकवर दिसतो. चाक मोकळं लटकलं की मूळ शॉकअप पूर्ण लांब होतो, पण आखूड स्प्रिंग तेवढी लांब नसते. ती वाटीत सैल पडते, कधी जागेवरून सरकतेही. अशी गाडी रस्त्यावर आणूच नये.

म्हणून आखूड स्प्रिंगेला आखूड दांड्याचा आणि जास्त रिबाउंडचा, म्हणजे स्प्रिंग सुटताना जास्त आवर घालणारा, शॉकअप लागतो. बिलस्टीनचा बी८ याच कामासाठी आहे आणि बी१२ मध्ये तोच शॉकअप आयबाख कंपनीच्या स्प्रिंगांसोबत जोडीनं मिळतो. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकअपमध्ये रिबाउंड हातानं कमी-जास्त करता येतो. आपल्या गाडीचा पार्ट नंबर यादीत आहे का, हे आधी पाहा. ‘थोडं ग्राइंड केलं की बसतं’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. कंपनीनं जोडी म्हणून विकलेलं किट आणि दोन दुकानांतून आणलेले सुटे भाग यांत मी किटच घेईन, कारण मोजमापाची जबाबदारी तेव्हा एकाच्या माथी असते.

कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच चढवलेल्या स्प्रिंगेची जोडी, हा पुढचा टप्पा. उंची आट्यांवर फिरवून ठरवता येते. पण खालची रिंग वर फिरवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, तिचा रेट, म्हणजे मिलिमीटरमागे लागणारा जोर, तोच राहतो. ज्यांना ट्रॅकवर जायचंय, दर मोसमात सेटिंग बदलायचंय, त्यांनी जरूर घ्यावं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आट्यांमध्ये चिखल जाऊन रिंगा जाम होतात, वरचेवर धुऊन ग्रीस करावं लागतं. रोजच्या गाडीला हा ताप मला पटत नाही.

आणि उंचीचा हिशोब करा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. त्यातून ३५ गेले की १२८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणात बसणारा गतिरोधकच १०० मिमी उंच असतो, आणि आपल्या गल्लीतले किती त्या प्रमाणात आहेत हे नाशिककराला सांगायला नको. चार माणसं आणि डिकीत सामान असताना तो उरलेला फरकही संपतो. हौस असेल तर २० मिमीच्या आत थांबा.

थार, जिम्नी आणि बागेतली गाडी

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या बागायतदारांचा प्रश्न वेगळाच. त्यांना दिसण्यापेक्षा ओझ्याची काळजी. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो. ते मागच्या दोन स्प्रिंगांत वाटले आणि स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटनची असली, तर मागची बाजू सुमारे ४० मिमी बसते. इथे जाड स्प्रिंगेची गरज खरी आहे. पण ती रोजच्या ओझ्यावरून निवडा. ओल्ड मॅन एमूसारख्या कंपन्या एकाच गाडीसाठी हलक्या, मध्यम आणि जड ओझ्याच्या स्प्रिंगा वेगळ्या देतात. हंगामातले दोन महिने ओझं आणि बाकी वर्षभर रिकामी फिरणारी गाडी जड स्प्रिंगेवर उडत राहते, मागचं चाक रस्ता सोडतं. अशा वेळी मध्यम स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉकअप बरा. स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर हा सोपा उपाय वाटतो, पण त्यानं ते वेढे बंद होतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. शिवाय कडक झालेल्या स्प्रिंगेला शॉकअप मात्र जुनाच राहतो.

लिफ्टचं गणित लोअरिंगच्या उलट आहे. उंच स्प्रिंगेवर मूळ शॉकअप आधीच बराचसा ताणलेला असतो, चाक खड्ड्यात उतरताना तो शेवटाला ठोकतो. म्हणून लांब दांड्याचा शॉकअप हवा. जिम्नीला पुढे-मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड, रिजिड अ‍ॅक्सल आहे. तिला ५० मिमी उचललं की त्याला गाडीशी आडवं जोडणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या अक्षाचा मागचा कल, कमी होऊन स्टिअरिंग हलकं, भिरभिरतं होतं. त्या दुरुस्तीचे भाग किटच्या किमतीत धरा. ब्रेकचे होज, म्हणजे तेलाच्या लवचिक नळ्या, लांबीला पुरतात का तेही पाहा.

बसवताना

नव्या शॉकअपसोबत वरचं माउंटिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवंच घ्या. मजुरी एकदाच जाते. दांडा पान्यानं किंवा पकडीनं धरू देऊ नका, त्यावर ओरखडा उठला की सील कापलं जातं आणि काही महिन्यांत तेल गळतं. रबर बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट लगेच करा आणि स्प्रिंगा बसल्यावर, ४००-५०० किलोमीटरनंतर, पुन्हा तपासा. उंची बदलली असेल तर हेडलाइटही जुळवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करायला मनाई करतं. त्यामुळे मूळ उंचीवरची बदली निर्धास्त करा. उंची बदलायची असेल तर पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटी चालू असेल तर शोरूमला काय चालतं तेही विचारून घ्या.

दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: स्प्रिंगेचा रेट किती, आणि हा शॉकअप किती मिमी खाली किंवा वर आणलेल्या गाडीसाठी आहे? दोन्ही आकडे बिलावर लिहून मिळाले तरच आगाऊ रक्कम द्या.