शूबर्टचे दोन पियानो ट्रिओ: आधी कोणता ऐकावा?

पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने आयुष्याच्या अखेरीस दोन मोठे ट्रिओ लिहिले: एक बी फ्लॅट या स्वरपट्टीतला, दुसरा ई फ्लॅटमधला. दोन्ही चार भागांचे. तरी स्वभाव पार वेगळे.

बी फ्लॅटचा ट्रिओ पहिल्या क्षणापासून खुला, प्रसन्न. व्हायोलिन आणि चेलो मिळून धून मांडतात, पियानो खालून ठेका देत राहतो. दुसऱ्या भागात चेलोची संथ, अंगाईसारखी चाल येते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची सवय नसलेल्यालाही हा लगेच भावेल. मात्र तो छापला गेला 1836 मध्ये, शूबर्टच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

ई फ्लॅटचा ट्रिओ नोव्हेंबर 1827 मधला. 26 मार्च 1828 रोजी व्हिएन्नात शूबर्टने केवळ स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम केला, त्यात तो वाजला. खरी गंमत दुसऱ्या भागात आहे: पियानो जड पावलांनी चालतो आणि त्यावर चेलो सी मायनर या स्वरपट्टीतली उदास धून गातो. दिग्दर्शक कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. शेवटच्या भागात तीच धून अचानक परतते, तेव्हा अंगावर काटा येतो. हा शेवटचा भाग लांबतो, हे खरं. छापण्याआधी शूबर्टनेच त्याला कात्री लावली होती.

नवख्याने बी फ्लॅटपासून सुरुवात करावी. मला विचाराल तर ई फ्लॅट, तोही न कापलेला.