केजन संगीतात फिडल की अकॉर्डियन?

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून १७५५ पासून हाकलले गेलेले फ्रेंचभाषक अकेडियन लोक अमेरिकेतल्या लुइझियानात स्थिरावले (त्यांचे वंशज ते केजन), तेव्हा त्यांच्या नाचगाण्याचा आधार होता फिडल, म्हणजे व्हायोलिन. दोन फिडल जोडीने वाजत, एक चाल धरे, दुसरे ठेका. जर्मन बनावटीचा दहा बटणांचा अकॉर्डियन आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

दणदणीत आवाज ही त्याची जमेची बाजू. माइक नसताना गजबजलेल्या नाचघरात फिडल बुडून जाई, हा नाही. पण प्रत्येक बटणाचे दोनच सूर, भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. सगळे मिळून एकाच पट्टीतले. फिडलची मींड इथे अशक्य (पेटीबद्दल आपलीही हीच तक्रार!), म्हणून गुंतागुंतीच्या चाली सोप्या झाल्या, काही मागेच पडल्या. फिडलशी जुळणाऱ्या सी आणि डी पट्टीतले अकॉर्डियन मिळू लागल्यावर मात्र जोडी जमली. १९२८ मध्ये जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांनी केलेल्या पहिल्या केजन ध्वनिमुद्रणात अकॉर्डियनच आहे.

१९३० च्या दशकात तंतुवाद्यांच्या बँडनी त्याला बाजूला सारलं. १९४८ च्या सुमारास अकॉर्डियनवादक आयरी लेज्यूनने तो परत आणला. बारकावा हवा तर मी फिडल ऐकेन, पाय थिरकायला अकॉर्डियन.